एलरेने दिलेला मासा

"आधी ती काठी खाली ठेवा, मग बोला," मी म्हटलं. "गळ लोंबणारी काठी माझ्या दुकानात कुणी नाचवायची नाही. गेल्या उन्हाळ्यात एका पाहुण्याने छताचा पंखा पकडला होता. तोही चांगला झगडला."

पाहुण्याला विनोद पोचला नाही. ग्रेडी हॉलब्रुक त्याचं नाव, डॅलसचा, मोटारींच्या शोरूमचा मालक. दारातच उभा राहून तो एका हाताने काठी हलवत होता आणि दुसऱ्या हाताने हवेत माशाची लांबी दाखवत होता. दाखवायची काही गरज नव्हती. मासा त्याच्या मागूनच येत होता. त्याला तळ्यावर फिरवणाऱ्या कॅप्टन एलरे ड्युहॉनने तो ओल्या गोणपाटात गुंडाळला होता आणि झोपलेलं पोर गाडीतून उचलून आणावं तसा दोन्ही हातांवर आणला होता. माझ्या काट्याच्या परातीत त्याने तो हळूच ठेवला.

"बघ जरा, विल्डा," तो म्हणाला. एवढंच.

मी गोणपाट बाजूला केलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते आता रविवारी फादरना सांगावं लागणार आहे.

ठिपकेवाला ट्राउट मी आयुष्यात इतका पाहिलाय की स्वप्नातसुद्धा पाहणं नको वाटतं. पण असा नव्हे. पाठीवरचे ठिपके माझ्या नखाएवढे, पोट अंड्यांनी तटतटलेलं, तोंडाच्या आतली बाजू अंड्याच्या बलकासारखी पिवळी, आणि वरच्या जबड्यात ते दोन सुळे. काटा दहा पौंडांच्या पुढे गेला, थोडा थरथरला आणि तिथेच राहिला. आमच्या मोठ्या तळ्यात दहाच्या पुढचा ट्राउट ज्यांनी पाहिलाय ती माणसं आता बहुतेक चर्चच्या मागे आडवी आहेत.

"किती?" हॉलब्रुक ओरडला. "डेल, फोटो काढ! काट्याचा काढ! माझा काट्याबरोबर काढ!"

डेल प्रुइट हा त्याच्या शोरूममधला विक्रेता. साहेब मासे धरायला निघाले की त्यांच्याबरोबर मासे धरायचे, हेही बहुधा त्याच्या नोकरीत बसत असावं. त्याने फोटो काढले. साहेब हसले की तोही हसत होता.

तळ्याच्या या बाजूला शपथेचा काटा फक्त माझ्याकडे आहे. बाकी मी जिवंत कोळंबी विकते, बर्फ विकते, कॉफी आणि गरम बुदँ, म्हणजे भात भरलेली सॉसेज, विकते, आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय ते फुकट सांगते. काट्याचं मात्र तसं नाही. दर वर्षी सरकारी माणूस येतो, आपली वजनं ठेवून काट्याची परीक्षा घेतो आणि त्यावर नवा कागद चिकटवून जातो. माणसांची अशी परीक्षा घेतली असती तर आमच्या रस्त्यावरची निम्मी दारं बंद झाली असती.

"असा बसलो होतो," हॉलब्रुक सांगत होता, "आणि एकदम धाडकन! पाणी फाटलं! मी म्हटलं, ग्रेडी, हा काही साधा मासा नाही. गळ असा ओढला मी, असा. डेल, पाहिलंस ना?"

"पाहिलं साहेब."

"मनगटात ताकद लागते. कॉलेजात मी बेसबॉल खेळायचो."

मी त्याच्या मनगटाकडे पाहत नव्हते. काठीकडे पाहत होते. मासेमारीच्या फेऱ्या काढणाऱ्या लॉजवाल्यांच्या काठ्या निळ्या असतात, सगळ्या एकसारख्या, आणि पाहुण्यांना त्याच मिळतात. दोरीला एक बूच, खाली जिवंत कोळंबी. बूच बुडालं की ओढा, चार वर्षांच्या पोरालाही जमतं. हॉलब्रुकच्या हातातली काठी तपकिरी होती, मुठीपाशी घासून काळी पडलेली. तिच्या दोरीला एक लाकडी मासोळी लोंबत होती. सायप्रसच्या लाकडाची, रंगाचे टवके उडालेली, चावून चावून भोकं पडलेली. असल्या मासोळ्या एलरे थंडीच्या दिवसांत पायरीवर बसून कोरतो. पाहुण्याला त्या तो कधीच देत नाही. पाहुणे त्या पहिल्याच फेकीत कालवांच्या थरात अडकवतात आणि वर म्हणतात, तुमची दोरी कच्ची आहे.

"ही काठी तुमची?" मी हॉलब्रुकला विचारलं.

"आज माझीच की," तो म्हणाला आणि डेलकडे बघून डोळा मारला.

मी एलरेकडे पाहिलं. तो कॉफीच्या यंत्राकडे पाहत होता. त्या यंत्रात पाहण्यासारखं काही नाही. ते मला माहीत आहे, रोज मीच ते घासते.

"एलरे, बर्फाची पिशवी उचलायला ये जरा," मी म्हटलं.

बर्फाचं यंत्र दुकानाच्या मागे, धक्क्याच्या बाजूला आहे. दार लोटल्या लोटल्या मी विचारलं, "गळाला लावला कुणी?"

"कोण लावणार? मी."

"मग?"

"मग काय." त्याने टोपी मागे सारली. "तो बर्फाच्या पेटीवर बसून फोनवर कुणालातरी झापत होता. दुसरा झोपला होता. मासे कुठं आहेत बघावं म्हणून मी पुढच्या टोकावर उभा राहून दोन-चार फेकी टाकल्या. मासोळी पाण्यावर चालत येत होती आणि मधेच नव्हतीच. आवाजसुद्धा नाही फारसा. लहान मासे आवाज करतात. हिने नुसती आत घेतली."

"हिने?"

"एवढी मोठी म्हणजे मादीच. पहिल्याच झटक्याला कळलं मला. डोकं असं हलवलं तिने, विल्डा... जड. सावकाश. जशी काही तिला घाई नाही आणि मला असली तर तो माझा प्रश्न."

"कळलं होतं. आणि तरी?"

तो थोडा हसला. दुसऱ्याच कुणाचा वेडेपणा सांगावा तसा. "हात पुढे गेला गं. मी वळलो, आणि तोंडातून निघून गेलं, 'घ्या, तुमचा आला.' म्हटल्यावर मागे कसं घेणार? त्याने फोन टाकून काठी धरली होती."

"मूर्खा," मी म्हटलं. दुसरा चांगला शब्द मला सुचला नाही, आणि अजूनही सुचत नाही.

पण हे एकट्या एलरेचं नाही. हा आमच्याकडचा रिवाजच आहे. फेरीवर नेणाऱ्या कॅप्टनला कायद्याने त्या फेरीत स्वतःसाठी मासा ठेवता येत नाही. त्यात पाहुणा हात हलवत घरी गेला की पुढच्या वर्षी दुसऱ्या तळ्यावर जातो. म्हणून कॅप्टन मासा लावतो, वळतो आणि काठी देतो. 'घ्या, तुमचा आला.' बाराही महिने. एलरेने अशा काठ्या कुणाकुणाला दिल्या ते मला तोंडपाठ आहे. बोट लागून हिरव्या पडलेल्या एका पाद्र्याला दिली. श्रीव्हपोर्टच्या नव्या नवरीला दिली. ती डोक्यावरची जाळी घालूनच बोटीत चढली होती आणि तिने मासा ओढताना नवऱ्याला ढकलून पाण्यात पाडलं. लाफायेटच्या एका म्हाताऱ्याला दिली. त्याचे हात इतके कापायचे की एलरे मागून त्याचा पट्टा धरून उभा राहिला. तो म्हातारा धक्क्यावर उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी त्याच्या कॉफीचे पैसे घेतले नव्हते. मी कॉफीचे पैसे सोडत नाही, विचारा कुणालाही.

मी पडले दुकानदार बाई. कोणी काय नेलं आणि कोणी काय आणून ठेवलं, हे माझ्या डोक्यात आपोआप मांडलं जातं. एलरेच्या नावावर नुसतं दिलेलंच निघतं. वादळात त्याचं घर गेलं. बोट मैलोगणती आत, एका गोठ्याच्या छपरावर सापडली, मधोमध मोडलेली. विम्याच्या माणसाने ती वाऱ्याने गेली की पाण्याने, यावर इतके महिने घातले की शेवटी एलरेच म्हणाला, देवाने नेली असं लिहा आणि सोडा. मग बॅटन रूजचा ब्रेंट सँडलिन आला. पडलेलं लॉज त्याने विकत घेतलं, उंच खांबांवर पुन्हा बांधलं, बोटी आणल्या आणि एक एलरेला चालवायला दिली. बोट सँडलिनची, किल्ली सँडलिनची, येणारे पाहुणे सँडलिनचे. मासे कुठे असतात तेवढं एलरेचं. ते त्याच्याकडे अजून कुणी वेगळं करून मागितलं नव्हतं.

बर्फाची पिशवी भरायच्या आत सँडलिनची गाडी धक्क्यावर आली. मासा पाहायच्या आधीच त्याने माशाचा फोटो पाहिला होता.

"कॅप्टन!" तो लांबूनच म्हणाला. काम असलं की कॅप्टन, नसलं की एलरे. "कॅप्टन, काय आणलंत तुम्ही आज! इतकी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते घडलं!"

तो इथे येऊन चार वर्षंसुद्धा झाली नव्हती. त्यातली 'इतकी वर्षं' कुठली, हे मी विचारलं नाही.

त्याने दुकानात जाऊन मासा पाहिला, हॉलब्रुकची पाठ थोपटली, फोनवर कुणाशी तरी बोलला आणि परत मागे आला. "दोन मिनिटं, कॅप्टन." मला म्हणाला, "मिस विल्डा, तुम्ही आत चला ना, पाहुण्यांना कॉफी हवीय."

"पाहुण्यांना हात आहेत," मी म्हटलं आणि बर्फ भरत राहिले.

सँडलिनने आवाज खाली आणला. बर्फाच्या यंत्रापाशी आवाज खाली आणून काही होत नाही, ते यंत्र जरा थांबलं की सगळं ऐकू येतं.

"राज्यातल्या विक्रमी माशांची नोंद ठेवणाऱ्या समितीचा फोन येतोय. मिस विल्डाला वजन विचारतील, पाहुण्यांना दोन-चार प्रश्न, आणि तुम्हाला एकच. रोज जे म्हणता तेच म्हणायचं. मासा साहेबांनी पकडला. रोज म्हणता ना पाहुण्यांना?"

"म्हणतो," एलरे म्हणाला.

"मग झालं की. आज एकदा जास्त. हॉलब्रुकसाहेब त्याची प्रतिकृती बनवून शोरूममध्ये लावणार आहेत, खाली आपल्या लॉजचं नाव. मी महामार्गावर फलक लावतो. या तळ्यातला सगळ्यात मोठा ट्राउट, आपल्या बोटीवर! पुढची दोन वर्षं एक दिवस रिकामा जाणार नाही. तुमचाही नाही." तो थांबला. "नवी बोट येतेय. कुणाला द्यायची ते अजून ठरवलं नाही मी. आणि जुनी कुणाकडे ठेवायची, तेही बघावंच लागेल."

हे सगळं तो हसत म्हणाला. धमकी देताना हसणाऱ्या माणसाचा मला जास्त राग येतो. निदान कपाळाला आठ्या तरी घाला.

"काटा माझा आहे, सँडलिन," मी म्हटलं. "फोनवर मीही असणार."

"मिस विल्डा," तो अगदी गोडीने म्हणाला, "तुमची कोळंबी सगळ्यात जास्त कोण नेतं?"

"पेलिकन," मी म्हटलं. "पण ते ती आठवण करून देत नाहीत."

तो आत गेला. मी एलरेचा दंड धरला. इथे मला सांगितलंच पाहिजे की मी काही संतबाई नाही. राग मला भरून आला होता, पण हिशोबही सुटत नव्हता. या माणसाकडे घर म्हणून एक भाड्याची खोली चाकांवर उभी आहे. बोट गेली तर तो काय करणार? वायूच्या कारखान्याच्या फाटकावर टोपी घालून बसणार? ट्रकवाल्यांचे परवाने तपासणार?

"म्हणून टाक," मी म्हटलं. "एक शब्द आहे. त्याने जीभ झडत नाही. माझ्या दुकानाचं छप्पर नुसत्या मासेवाल्यांच्या थापांवर उभं आहे, त्यात तुझी एक."

"तुला चालेल?" त्याने विचारलं.

"मला चालणार नाही. पण तू बोटीवर असलेला चालेल."

त्याने पिशवी खांद्यावर घेतली आणि आत गेला.

फोन गल्ल्याशेजारी ठेवला होता, सगळ्यांना ऐकू येईल असा. समितीच्या बाईंचं नाव मिसेस आर्सेनो. आवाज शाळेत पुष्कळ वर्षं काढलेल्या बाईचा. अशा आवाजापुढे मोठी माणसंसुद्धा खिशातून हात बाहेर काढतात. हॉलब्रुकनेही काढले.

मला वजन विचारलं. मी सांगितलं. लांबी विचारली, काट्यावरचा कागद कधीचा ते विचारलं. सांगितलं.

"मिस्टर हॉलब्रुक, मासा तुम्ही स्वतः गळाला लावलात?"

"हो मॅडम. मीच. असा ओढला आणि—"

"तुम्हीच बोटीपर्यंत आणलात?"

"हो मॅडम. पाऊण तास झगडलो."

पाऊण तासात माणूस मगर काठावर आणतो. एलरेकडून मला नंतर कळलं, डेल जाळीची झोळी धरायला उठेपर्यंतचा सगळा कार्यक्रम एका सिगारेटीपुरता होता. पण हॉलब्रुक खोटं बोलतोय असं त्याच्या तोंडावर कुठेच दिसत नव्हतं. तळ्याच्या मध्यापासून धक्क्यापर्यंत येता येता तो स्वतःच सगळं खरं मानून बसला होता. आमच्याकडे मासे पाण्यात वाढतात त्यापेक्षा जास्त या वाटेवर वाढतात. ते मी समजू शकते. मासा मोठा करणाऱ्यावर मी कधी रागावले नाही.

"मिस्टर प्रुइट, तुम्ही पाहिलंत?"

डेलने बुटांकडे पाहिलं. "हो मॅडम," तो बुटांना म्हणाला.

"कॅप्टन ड्युहॉन?"

"आहे मी, बाई."

सँडलिन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. मी गल्ल्यामागून एलरेला डोळ्याने खुणावलं. साहेबांनीच पकडला म्हण. म्हणून टाक.

"कॅप्टन, तुम्हाला विचारतेय. गळ लागल्यापासून मासा बोटीत येईपर्यंत ती काठी दुसऱ्या कुणाच्या हातात होती का?"

एलरेने टोपी काढली. फोनसमोर टोपी काढणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. "परत विचारता का, बाई?"

त्यांनी परत विचारलं. शब्दाला शब्द तोच.

"होती," एलरे म्हणाला. "माझ्या."

"कधी?"

"लागला तेव्हा. मी लावला आणि यांना दिला."

मग मिसेस आर्सेनो म्हणाल्या, "मग हा मासा नोंदीत जात नाही, कॅप्टन. मिस्टर हॉलब्रुक यांच्या नावावर नाही आणि तुमच्याही नाही. काठी हातातून हातात गेली की नियमाने मासा बाद."

"माहीत आहे, बाई."

"मला वाईट वाटतंय. असा मासा इतक्या वर्षांत—"

"हो बाई," एलरे म्हणाला. "फार सुंदर होती."

फोन बंद झाल्यावर हॉलब्रुकला आवाज फुटला. "अरे ए! तूच दिलास ना मला? 'तुमचा आला' कोण म्हणालं? डेल, हा म्हणाला की नाही?"

"म्हणाला साहेब."

"बघ! दिलेली वस्तू परत घेतोस?"

"परत कुठे घेतली?" एलरे शांतपणे म्हणाला. "मासा तुम्हाला दिला. तो तुमचाच आहे. आत्ता साफ करून देतो."

"मला खायला नकोय तो!"

"मग कशाला धरलात?" हे मी विचारलं. मला राहवलं नाही.

आणि राहवलं नाही तर पुढचंही राहवलं नाही. "तुम्ही मासा घेतलात, हॉलब्रुक, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. इथे सगळेच घेतात. तो देतो आणि लोक घेतात, इतकी वर्षं चाललंय. उद्या घरी जाऊन बायकोला पाऊण तास सांगा, दीड तास सांगा, तिचं नशीब तिच्याबरोबर. पण ज्याचा घेतलात त्यालाच उभं करून, शपथेवर, त्याच्याच तोंडून 'माझा नव्हता' असं वदवून घ्यायचं? एवढं तर इथे वादळानेही कुणाकडून वदवून घेतलं नाही. ते आलं, घेतलं आणि गेलं."

"मिस विल्डा, तुमचा संबंध नाही," सँडलिन म्हणाला.

"माझ्या परातीत मासा आहे. संबंध कसा नाही?"

त्याने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. तो एलरेपाशी गेला. आता हसणं नव्हतं. "एक शब्द होता. एक. रोज दहा वेळा म्हणतोस तू तो. मला फक्त एवढं सांग, आज काय झालं?"

एलरेने विचार केला. खरोखरच केला. प्रश्न नीट विचारला की तो नीट उत्तर देतो, त्याचा तो स्वभावच आहे.

"रोज मला कुणी विचारत नाही," तो म्हणाला. "मीच म्हणतो आणि तेच ऐकतात. आज त्या बाईंनी विचारलं. नाव घेऊन."

सँडलिनने हात पुढे केला, तळवा वर. कशासाठी ते सगळ्यांना कळलं. एलरेने पट्ट्याला अडकवलेली किल्ली काढली, पाण्यात तरंगायला लावलेल्या फोमच्या गोळ्यासकट त्या तळव्यावर ठेवली.

"बोट धुवायची राहिलीय," तो म्हणाला. "मागच्या पंपाचा पाइप सैल झालाय. जो कुणी नेईल त्याला सांगा."

मग त्याने परातीतला मासा गोणपाटासकट उचलला आणि मागच्या दाराने धक्क्यावर गेला. साफ करायचं टेबल तिथे आहे, वर पत्र्याचं छप्पर, बाजूला नळी. पाहुण्यांचे बाकीचे मासे पेटीत होते. मासे साफ करून पिशवीत भरून दिल्याशिवाय फेरी संपत नाही. किल्ली कुणाच्या खिशात आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

सँडलिन पाहुण्याला समजावत गाडीपर्यंत गेला. जेवण लॉजकडून, पुढची फेरी लॉजकडून, दुसरा कॅप्टन, तरुण, चांगला. हॉलब्रुक गाडीत बसला आणि काच वर केली. मी कॉफीचा पेला घेऊन धक्क्यावर गेले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. एलरेने मान हलवली. सुरी चालूच होती. कल्ल्यामागे एक काप, मग कण्याला धरून शेपटीपर्यंत, उलटवून कातडी वेगळी. एका बाजूचा मांसाचा पट्टा पिशवीत, दुसऱ्या बाजूचा पिशवीत, आणि सांगाडा न बघता खांद्यावरून मागे पाण्यात. पाण्यावर पेलिकन जमले होते, आणि ते सांगाडा पाण्याला टेकू देत नव्हते.

"काय करशील आता?" मी विचारलं.

"आधी हे करतो," तो म्हणाला.

मोठी मादी त्याने शेवटी घेतली. सुरी दगडावर पुन्हा घासली. तिच्या मांसात ते पांढरे बारीक जंत होते. मोठ्या ट्राउटमध्ये असतातच, खाल्ले तरी काही होत नाही, पण पाहुण्यांना ते दिसले की ते अख्खी पिशवी फेकून देतात. एलरेने ते सुरीच्या टोकाने एकेक करून काढले. घाई केली नाही. अंड्यांच्या दोन्ही थैल्या न फोडता काढल्या आणि वेगळ्या बांधून मला दिल्या. "रात्री तळ," म्हणाला. मी त्या घेतल्या. नको म्हणणं मला जमलं नाही.

तेवढ्यात डेल आला. गाडीतून त्याला पिशव्या आणायला पाठवलं होतं. साहेबांना खायचा नसला तरी मासा सोडायचाही नव्हता. त्याने पिशव्या उचलल्या, जायला वळला आणि थांबला.

"कॅप्टन," तो म्हणाला. गाडीकडे एकदा पाहून घेतलं. "मी जागाच होतो. डोळे मिटून पडलो होतो, पण जागा होतो. तुम्ही लावला तेव्हा पाहिलं मी."

एलरे नळीने हात धूत होता.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "बर्फ जास्त घाला. डॅलस लांब आहे. वाटेत एकदा पाणी काढून टाका, नाहीतर मांस भिजतं."

डेलला आणखी काही ऐकायचं होतं बहुतेक. मग पिशव्या छातीशी धरून तो गेला. गाडी सुरू झाली, शिंपल्यांच्या रस्त्यावरून कुरकुरत निघून गेली.

टेबलावर आता तिचा सांगाडा उरला होता. डोकं, कणा आणि शेपूट, माझ्या हाताएवढा लांब. पेलिकन पुढे सरकले. एलरेने नळी बंद केली, पांढऱ्या रबरी बुटांनी दोन पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेला आणि गुडघ्यावर बसला. सांगाडा त्याने दोन्ही हातांनी पाण्याखाली नेला, शेपटीपाशी धरून थोडा पुढे, थोडा मागे केला, जिवंत मासा परत सोडताना त्याच्या कल्ल्यांत पाणी जावं म्हणून करतात तसा.

पेलिकन पंख फडफडवत अगदी जवळ आले. तो हलला नाही. बऱ्याच वेळाने त्याने हात सोडला.